उलट्या जात्याचा दिवस

माय,

आज सकाळी ऊन पुन्हा उत्तरेच्या खिडकीतून आत आलं. भंडाऱ्याच्या या घरात स्वयंपाकघराला उत्तरेकडे एकच खिडकी आहे. वर्षभर तिच्यातून उजेड येतो, शेजारणीच्या फोडणीचा ठसका येतो, ऊन मात्र फिरकत नाही. मिरग सरायला आला की तेवढे चार दिवस, तेही अगदी सकाळी, एक तिरपी पट्टी ओट्यावरून सरकत जाते आणि मिक्सरवर येऊन बसते. मी चहा ठेवला होता. पट्टी मिक्सरपर्यंत पोचेस्तोवर बघत उभी राहिले आणि दूध उतू गेलं. मग काय झालं कोण जाणे, मी हात पुसला आणि मिक्सरचं बटण उलट्या बाजूला फिरवलं. रिकामं भांडं, केवढ्यानं ओरडलं ते! आणि गंमत बघ, बटण उलटं फिरवा नाहीतर सुलटं, आतलं पातं आपलं एकाच दिशेनं फिरतं. मला हसूच आलं. साठी उलटली, पेन्शन खाते, जन्मभर पोरांना भूगोल शिकवला, आणि दिवस उगवता उगवता रिकामा मिक्सर फिरवतेय. त्या आवाजामागून तुझा आवाज आला, अगदी स्पष्ट: "खेळ हाय का वो थो?" तेव्हा चहा तसाच सोडला आणि कागद घेऊन बसले.

आपलं स्वयंपाकघर आठवतं का तुला? बघ, विचारतेय कुणाला. एकोडीच्या पलीकडचं ते कवेलूचं, कौलारू घर, त्याच्या स्वयंपाकघराचं दार उत्तरेला, सांदवाडीत, मागच्या परसात उघडणारं. सांदवाडीच्या पुढे तलावाची पाळ, आणि पाळीवर ते मोहाचं जुनं झाड. दाराच्या आत, पश्चिमेकडच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून जातं. चैत्रात ऊन नुसतं उंबरठा चाटून जातं. वैशाखात जरा आत येतं, चोरपावलांनी. तू चुलीतल्या राखेनं माखलेलं बोट जमिनीवर टेकवून खूण करतेस, दर आठवड्याला एक, आणि मी तुझ्यामागे उकिडवी बसून बघते. शेणानं सारवलेल्या हिरवट भुईवर राखेचे ते ठिपके एकामागे एक कोपऱ्याकडे चाललेले असतात. त्या दिवसांत सूर्य मोहाच्या झाडामागून उगवतो आणि पुढे सरकायचं नावच घेत नाही. रोज तिथंच, त्याच फांदीआडून. मग एका सकाळी तो जात्यावर येतो. तू चुलीपुढून उठतेस, पदर सावरतेस, कुणी मोठं माणूस घरात आल्यासारखी. "आला वो," म्हणतेस, "जात्यावर बसला."

त्याच्या आदल्या दुपारी तू अंगणात मुसळ उभं करायचीस. एरवी दुपारी आपल्या सगळ्यांच्या सावल्या उत्तरेकडे पडतात, हे मला फार नंतर कळलं. पण त्या दिवसांत भर दुपारी मुसळाच्या पायाशी बोटभर सावली दिसायची, आणि ती दक्षिणेकडे. तू मला हात धरून दाखवायचीस. "पाहाय. थो आपल्या डोक्यावरून पुढं निंगून गेला. आता त्याले वापस बलवा लागते. नाई बलवलं तं जातच रायते थो." मी माझ्या पायाकडे बघायची. माझी सावली पायाखाली गोळा होऊन बसलेली, आणि तिचं डोकं चुकीच्या बाजूला. मला भीती वाटायची आणि मजाही वाटायची. सूर्य आपल्या घरावरून ओलांडून पलीकडे गेलाय आणि त्याला परत वळवायचं काम आपल्या मायकडे आहे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

मिरग सरतो आणि आदरा, म्हणजे आर्द्रा नक्षत्र, लागतो, तो तुझा दिवस. जातं धुऊन पुसून घ्यायचं. खुंट्याला पिवळ्या कण्हेरीचं फूल. तांदळाच्या पिठाची गुळाची घिरडी, प्रत्येकीला मधोमध भोक, जात्याच्या तोंडासारखं. घरात माणसं जितकी तितकी, आणि एक वरची. ती वरची बाबा कवेलूवर ठेवायचे, आणि आमचं तोंड फिरायच्या आत कावळा न्यायचा. मग तू जात्याशी बसायचीस. दाणा न टाकता, रिकामंच, आणि रोजच्या उलट बाजूनं फिरवायचीस. हळू. दगडावर दगड घासल्याचा तो कोरडा आवाज मला अजून येतो. दळताना येतो तसा नाही, खोल कुठूनतरी येणारा. कुणाच्याच घरी हे नव्हतं. तू ते वैनगंगेपलीकडच्या तुझ्या माहेराहून आणलेलं. गावातल्या बाया नाकाला पदर लावायच्या, कारण रिकामं जातं फिरवू नये आणि उलटं तर मुळीच फिरवू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबा चेष्टा करायचे. "तुया मायच्या घरचे लोक सुर्याले बी बैलावानी हाकलतात." तू जात्यावरून मान वर न करता म्हणायचीस, "हाकलत नाई. आमी वळवतो." दादा दारात टेकून घिरडीच्या भोकातून माझ्याकडे बघायचा, एक डोळा मिटून. घरात आपण चौघंच, आणि त्या दिवशी घर कसं भरलेलं वाटायचं.

एकदा मी तुझा मार खाल्ला तो या जात्यापायीच. माघ-फाल्गुनातली दुपार होती, तू बाहेर फुलं वेचायला मोहाखालची जागा झाडत होतीस. मी बाहुलीला समोर बसवलं आणि जातं उलटं फिरवायला लागले, तुझ्यासारखं पुटपुटत. तू आत आलीस आणि पाठीत असा धपाटा घातलास की बाहुलीसकट आडवी झाले. "खेळ हाय का वो थो? दिवस पाहून फिरवा लागते! अदमासानं वळवला अन् अर्ध्यातूनच वळला तं? धान कोन पिकवल मंग, तुया बाहुलीचा बाप?" रडता रडता मला हसू फुटलं. तूही हसलीस, आणि मग पाठीवरून हात फिरवत राहिलीस, तोही उलट्या बाजूनं, मुद्दाम. त्या दिवशी मला पक्कं कळलं की ही गोष्ट खरी आहे. मायला गंमत असती तर तिनं मारलं नसतं.

म्हणून तर शाळेत तो धडा आला तेव्हा माझी झोप उडाली. गुरुजींनी लिंबाला काडी टोचून दाखवलं. सूर्य जागचा हलत नाही, पृथ्वी कललेली आहे, तीच फिरते. मी घरी धावत आले. तू भाताच्या पेजेतून हात काढत होतीस. मी म्हटलं, "माय, सुर्य कुठीच जात नाई! गुरुजीनं सांगतलं. आपली पृथ्वीच झुकते अन् तेच फिरते." मला वाटलं तू चिडशील, नाहीतर तुझा चेहरा पडेल. तू हात झटकलेस, जरा विचार केलास, आणि म्हणालीस, "असं का? मंग आपुनच वळू. त्यानं वळलं का आपुन वळलं, भेट झाल्याशी मतलब." आणि पेज माझ्यापुढे सरकवलीस. इतकंच. मी जन्मभर तो धडा शिकवला, लिंबं टोचली, मोसंबी टोचली, आणि तुझं ते वाक्य एकदाही आठवलं नाही. आज सकाळी मिक्सरच्या आवाजात आठवलं.

दादा घर सोडून गेला तोही मिरगातच. तुला सांगायला नको, पण मला लिहायचंय. पऱ्हे टाकायचे, धानाच्या रोपांसाठी बियाणं फेकायचे दिवस. बाबांनी त्याला बांधीत, म्हणजे वावरात, पाखरं हाकायला बसवलेलं आणि हा गडी लाखनीच्या सडकेवर, ट्रक बघत. त्याला ट्रकचं वेडच होतं. हॉर्नवरून सांगायचा, कुठल्या गावचा ड्रायव्हर आहे. बाबा आले तेव्हा बियाण्यावर चिमण्यांचं जेवण चाललेलं. संध्याकाळी अंगणात त्यांनी तुतारीनं, बैल हाकायच्या टोकदार काठीनं, त्याला मारलं. शेजारीपाजारी बघत होते. "जाय! ट्रकच चालव! माया घरात तोंड दाखवू नोको." दादाच्या दंडावर वळ उठलेला आणि डोळ्यांत पाणी नाही. "नाई दाखवत," तो म्हणाला. नुकती मिसरूड फुटलेली त्याला. तू दोघांच्या मध्ये उभी होतीस, पिठाचे हात घेऊन. तो तुमसरला गेला, राईस मिलमध्ये पोती उचलली, आणि मग तांदळाच्या एका ट्रकवर बसून वर गेला. उत्तरेकडे गेला, एवढंच कळलं.

आठवड्याभरात आदरा लागला. शेजारची काकू दारात येऊन उभी. "घर फिरलं का घराचे वासेबी फिरतात, बाई. उलटं जातं फिरवाले कोनं सांगतलं होतं?" तू खुंट्याला फूल लावत होतीस. तू म्हणालीस, "वासे फिरू दे. माया पोरगा फिरला पाहिजे." आणि बसलीस. त्या वर्षी तू जातं फिरवताना आधी सूर्याचं नाव घेतलंस आणि मग त्याचं. तुझा हिशेब सरळ होता. उत्तरेला गेलेला परत येतो. दरवर्षी येतो. एकाला वळवता येतं तर दुसऱ्याला का नाही? घिरड्या तू तेवढ्याच केल्यास, चौघांच्या आणि वरची एक. दादाची घिरडी संध्याकाळपर्यंत टोपल्यात राहिली. मग ती मला दिलीस. मी ती भोकातून न बघता खाल्ली.

पुढची वर्षं कशी गेली ते आठवायला गेलं की सगळी एकच सकाळ होते. राखेचे ठिपके, मोहाचं झाड, पहिल्या उन्हात चमकणारं तलावाचं पाणी, तुझा गुडघा जात्यापाशी मुडपलेला. मी कधी फ्रॉकमध्ये असते, कधी परकरात, कधी केसांना लाल रिबिनी असतात. कधी ढग असायचे आणि ऊनच यायचं नाही. तेव्हा तू अदमासानं फिरवायचीस आणि दिवसभर दारात येऊन आभाळ बघायचीस. गावात विजेवरची चक्की आली. बायांनी जाती सांदवाडीत नेऊन टाकली, कुणी त्यांच्यावर कपडे आपटायला लागलं. आपल्याही घरचं दळण चक्कीवर जाऊ लागलं. आपलं जातं मात्र कोपऱ्यात तसंच. वर्षभर मुकं बसायचं आणि एक दिवस बोलायचं. बाबांनी चेष्टा करणं सोडून दिलं होतं. तू फिरवायला बसलीस की ते बैलांकडे निघून जायचे.

मग लाखनीच्या ढाब्यावर बाबांना एक ड्रायव्हर भेटला. आपल्याच बाजूचा. त्यानं सांगितलं, दादा जबलपूरला आहे. कटनीच्या सडकेला पंक्चरचं दुकान टाकलंय, लग्न केलंय, एक मुलगी आहे. बाबांनी घरी येऊन हे सगळं पाठमोरं उभं राहून सांगितलं, खुंटीला टोपी अडकवत. तू विचारलंस, "तब्येत कशी हाय म्हने?" "चांगली हाय म्हने." "अन् पोरगी कोनावानी हाय?" "मले का मालूम!" बाबा खेकसले, आणि मग हळूच, "तुयावानी हाय म्हने." मी तेव्हा साकोलीच्या शाळेत दहावीला होते. मी म्हटलं, "मंग चला ना आपुन. जाऊ ना जबलपूरले." बाबा म्हणाले, "गेला त्यानं यावं. आपुन कायले जावं?" खाण तशी माती. बापानं 'ये' म्हणायचं नाही आणि लेकानं 'येतो' म्हणायचं नाही. तू उठून चुलीपाशी गेलीस. रात्री कंदिलाची वात उतरवताना मला विचारलंस, "जबलपूर कोनीकडं हाय वो?"

दुसऱ्या दिवशी मी नकाशाचं पुस्तक घेऊन तुझ्याजवळ बसले. तुला अक्षर येत नव्हतं, पण नद्या तू पटकन ओळखल्यास. "हे वैनगंगा." मी तुझं बोट धरलं. "हे आपलं गाव समज. असं सरळ वर, सरळ, हे जबलपूर." तुझं बोट तिथं थांबलं. त्याच्या नखभर वर कर्कवृत्ताची तुटक रेघ होती. "हे काय हाय?" तू विचारलंस. मी शाळेतलं सांगायला लागले, आणि सांगता सांगता माझाच आवाज बारीक झाला. "सुर्य या रेघेवर येते, माय. तुया जात्याच्या दिवशी. इथं डोक्यावर उभा रायते, अन् इथूनच वापस फिरते." तू रेघेकडे बघितलंस, मग जबलपूरकडे. बोट अजून तिथंच. "म्हंजे त्याच्या डोक्यावर?" "जवळजवळ." तू केवढी हसलीस! दादा गेल्यापासून तसं हसू मी पाहिलं नव्हतं. "मंग थो पाहून येते त्याले दरसाली. अन् मी त्याले सकाळीच वळवून टाकतो, पाहा बरं! पोहोचू बी देत नाई!"

त्या वर्षीचा तुझा दिवस मी विसरणार नाही. मिरग कोरडा गेलेला, आभाळ स्वच्छ. ऊन जात्यावर आलं, तू फूल लावलंस, घिरड्या केल्यास, खुंट्यावर हात ठेवलास, आणि बसून राहिलीस. फिरवलंच नाहीस. ऊन जात्यावरून उतरलं, भिंतीवरून गेलं, दाराबाहेर गेलं. तू तशीच. मी अंगणात मुसळ उभं केलं. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या तेही आत ऐकू येत होतं. भर दुपारी बाबा बांधीतून आले, घामानं निथळत. "भाकर नाई का आज?" तू म्हणालीस, "थांबा जराशीक. देव आता त्याच्या डोक्यावर असन." बाबांना नकाशाचं ठाऊक होतं. मी त्यांनाही दाखवला होता, आणि त्यांनी बघितलं नाही असं दाखवत बघितला होता. ते ओसरीवर बसले. पाणीही मागितलं नाही. मग बाहेरच बघत म्हणाले, "पोहोचला असन का वो आता?"

 तू म्हणालीस, "मुसळ पाहा." तेच उठले. ज्या माणसानं जन्मभर तुझ्या माहेरची थट्टा केली, तो भर उन्हात मुसळापाशी वाकला. "हाय. बोटभर हाय, दक्षिणेले." "मंग वळवू आता?" तू विचारलंस. आणि बाबा म्हणाले, "राहू दे थोडा. पाहू दे त्याले नीट." आपण तिघंही तिथं होतो, तू आत, मी दारात, बाबा मुसळाजवळ, आणि आपण सगळे वर बघत होतो, डोळे मिचकावत, जणू जबलपूर तिथंच आभाळात आहे. नंतर बाबा आत आले, पाय न धुताच, तुझ्यासमोर बसले आणि खुंट्यावर तुझ्या हातावर हात ठेवला. दोघांनी मिळून फिरवलं. बाबांना सवय नव्हती, त्यांचा जोर भलतीकडेच जात होता. तू म्हणालीस, "हळू. थकला असन थो."

मला वाटलं, झालं. आता बाबा उद्या निघतील. दुसऱ्या दिवशी बाबा बांधीत गेले आणि तू शेण गोळा करायला गेलीस. आपली तीच तर गंमत झाली, माय. मला तेव्हा राग आला होता, आता कळतं. तुम्हा दोघांना वाटलं, आपलं काम आपण केलं. वळवलंय ना? मग येईल. दारात बसून वाट बघायची. जबलपूर काही लंकेत नव्हतं! गोंदियाहून नॅरोगेजची ती छोटी गाडी जायची, रात्रभरात पोचवायची. पण ज्या घरात सूर्याला इथूनच वळवता येतं, त्या घरातलं कुणी उठून स्टेशनवर कशाला जाईल?

तुझा शेवटचा आदरा. मी भंडाऱ्याला डी.एड.ला होते, सुटीत आलेले. तुझा खोकला छातीत घर करून बसलेला आणि साकोलीच्या डॉक्टरांनी मान हलवलेली. बाबांनी आणि मी तुझी खाट उचलून स्वयंपाकघरात आणली. ऊन जात्यावर आलं. तू एका कुशीवर होऊन बघत राहिलीस. मी म्हटलं, "मी फिरवतो माय, तू सांग फक्त." आपल्या बोलीत बोलले, भंडाऱ्याची माझी नवी भाषा तुझ्यापुढे टिकायचीच नाही. तू मान हलवलीस. खाटेवरून हात लांबवलास, खुंटा धरलास, आणि तो उपटून काढलास. केवढा जोर होता तुझ्यात अजून! इतक्या वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला तो खुंटा, कण्हेरीचं फूल अजून त्याला अडकलेलं. माझ्या हातात दिलास. "आता मले नाई होत. आता तू पाहाजो." मी विचारलं, काय पाहू? तू डोळे मिटले होतेस. पोळ्याच्या आधी तू गेलीस.

त्या ड्रायव्हरच्या हाती निरोप धाडला होता. दादा आला नाही. तुझं दिवसपाणी झालं, मी भंडाऱ्याला परतले, आणि मग कळलं. तो आला होता. लाखनीच्या ढाब्यापर्यंत आला होता म्हणे. सकाळपासून बाजेवर बसून राहिला, चहा पीत, सडकेकडे बघत. गावाकडे जाणारी एसटी दोनदा समोरून गेली. संध्याकाळी जबलपूरकडचा ट्रक आला आणि तो त्यात चढला. बाबांनी सांगितलं होतं ना, तोंड दाखवू नको. त्यानं नाही दाखवलं. माय, त्या दिवसापासून मी त्याच्याशी भांडतेय. भाजी चिरताना भांडते, शाळेत हजेरी घेताना भांडायची. एवढ्या जवळ येऊन! मेल्या, दोन पावलं होती! पुढे बाबा गेले तेव्हा मी निरोपच धाडला नाही. घर चुलतभावाकडे गेलं. जातं तिथंच आहे, बिनखुंट्याचं, त्याच्यावर आता पाण्याची टाकी ठेवतात.

आणि खुंट्याचं काय झालं विचारशील. माझ्याकडेच आहे. फ्लॅटात जातं कुठून आणू? तो चमच्यांच्या खणात पडलेला असतो. इतकी वर्षं मी त्यानं चहातलं आलं कुटतेय. तुझे जावई म्हणायचे, या घरचा चहा वेगळाच लागतो. मी कधी सांगितलं नाही त्यांना का ते.

मागच्या उन्हाळ्यात त्या ड्रायव्हरच्या मुलानं मला दादाच्या दुकानाचा नंबर आणून दिला. आठवडाभर कागद फ्रिजवर चिकटवून ठेवला. मग एका दुपारी लावला. "हॅलो," तो म्हणाला. नुसतं हॅलो. पण तो बाबांचा आवाज होता, तोच खेकसा, टोपी खुंटीला अडकवतानाचा. "हॅलो? कौन? अरे बोलो ना भाई." मागे हातोडीचा ठणठण आवाज, एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. तो थांबला. आणि मग, शप्पथ, त्याचा आवाज बदलला, तो आपल्या बोलीत म्हणाला, "कोन हाय वो?" मी फोन ठेवून दिला. त्याला कसं कळलं कुणास ठाऊक. कदाचित नसेलही कळलं, कदाचित तो सगळ्याच मुक्या फोनला तसं विचारत असेल, इतकी वर्षं.

'आता तू पाहाजो.' मला वाटलं होतं, तू मला जातं सांभाळायला सांगितलंस. मग वाटलं, बाबांना सांभाळायला. आज मिक्सर ओरडला आणि पेजेचे हात झटकताना तू दिसलीस. "मंग आपुनच वळू." माय, तुला उत्तर तेव्हाच ठाऊक होतं, मी चौथीत असताना! तू ते लिंबाच्या गोष्टीला दिलंस आणि स्वतः मात्र कोपऱ्यात जाऊन बसलीस. आपण तिघांनी मिळून उभा जन्म त्याला वळवलं, आणि आपल्यातलं कुणी जागचं हललं नाही.

गोंदियाहून आता मोठी गाडी जाते जबलपूरला. परवा आदरा लागतो. घिरड्यांचं पीठ भिजवून ठेवलंय, सकाळी करेन, भोकं पाडून. तुझी नात, माझी लेक, डोळे वटारतेय की या वयात एकटी कुठं निघालीस. मी तिला सांगितलं, आजीची शेवटची इच्छा होती, आजीसाठी जातेय. भाचीलाही तेच सांगेन, ती तुयावानी दिसते म्हणतात ना, तिला बघून आधी रडू येईल मग सांगेन. तिथं दुपारी दुकानासमोर उभी राहीन. त्या दिवशी तिथं माणसाला सावलीच नसते म्हणतात. खुंटा त्याच्या हातात देईन, तुझा म्हणून.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? टाकायचं नाहीच. तुझ्याशी बोलून झालं की घडी करून पेटवीन, राख होऊ देईन. पण सगळ्यांना सांगितलं ते तुला तसंच सांगू नये. आज सकाळच्या चहात मी आलं वरवंट्यानं कुटून घातलं. खुंटा खणात नव्हताच, तो कालच पिशवीत भरला होता, ऊन खिडकीत यायच्या आधी, तुझं वाक्य आठवायच्याही आधी. तुयासाठी नाई जात वो मी. मलेच त्याची लय आठवण येऊन राहिली, माय.